भाग्यनगरातला वरचा मजला: टिकून राहणारा भाडेकरू कसा मिळेल?

प्रश्न थोडक्यात असा आहे. बेळगावच्या भाग्यनगरात आईच्या नावावर घर आहे. खाली आई एकट्या राहतात, वरचा टू बीएचके भाड्यानं दिला जातो, आणि मुलगा नोकरीनिमित्त पुण्यात असतो. दोन वर्षांत तीन भाडेकरू झाले. पहिला न सांगता निघून गेला. दुसऱ्यानं शेवटचे महिने "अॅडव्हान्समधून (अनामत रकमेतून) वळते करून घ्या" असं सांगितलं. तिसरा चांगला होता, पण अकरा महिने संपले म्हणून त्याला उठवलं. जूनपासून घर रिकामं आहे आणि मागणी 10,000 रुपयांची आहे. भरवशाचा, वर्षानुवर्षं राहणारा माणूस कसा मिळवायचा?

परगावी राहणाऱ्या मालकांची घरं भाड्यानं लावून देणं आणि मागं ती सांभाळणं हे बेळगावात माझं रोजचं काम आहे. मला तुमच्या तिसऱ्या भाडेकरूपासून सुरुवात करावीशी वाटते, कारण खरी गोम तिथं आहे. तुम्हीच लिहिलंय की माणूस उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या फौंड्रीत सुपरवायझर होता, भाडं पाच तारखेच्या आत यायचं, आईंना दवाखान्यात नेऊन आणायचा. तरी त्याला उठवलंत, कारण कुणीतरी सांगितलं की जास्त दिवस ठेवलात तर तो घर धरून बसेल.

ही भीती आपल्या भागात घरोघरी आहे आणि ती हवेतून आलेली नाही. कर्नाटकच्या जमीन सुधारणा कायद्यातल्या दुरुस्तीनं 1 मार्च 1974 पासून कुळांकडच्या जमिनी सरकारजमा झाल्या आणि पुढं कुळांच्या नावावर चढल्या. ज्यांच्या घरात ते घडलं त्यांना ते अजून सलतं. शहरात 1961 च्या जुन्या भाडे नियंत्रण कायद्याखाली नाममात्र भाड्यावर पिढ्यान्‌पिढ्या राहिलेले भाडेकरू आणि वर्षानुवर्षं चाललेले खटलेही लोकांनी पाहिलेत. पण यातलं काहीच तुमच्या वरच्या मजल्याला लागू नाही. कूळकायदा शेतजमिनीचा. 1961 चा भाडे कायदा जाऊन त्याच्या जागी कर्नाटक भाडे कायदा 1999 आला आणि तो 31 डिसेंबर 2001 पासून अमलात आहे. त्यातही मोठ्या शहरांत महिना 3,500 रुपयांच्या आणि इतरत्र 2,000 रुपयांच्या वरची घरं त्या कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवली आहेत. तुमच्या भाड्याच्या घराला 1882 चा मालमत्ता हस्तांतरण कायदा आणि तुम्ही केलेला करार, एवढंच लागू होतं.

आणि ते "बारा वर्षं राहिला की घर त्याचं" हे तर डोक्यातून काढूनच टाका. बारा वर्षांची मुदत मालकाच्या हक्काविरुद्ध, उघडपणे ताबा ठेवणाऱ्यासाठी आहे. भाडेकरू तुमच्या परवानगीनं, तुम्हाला भाडं देऊन राहतो. करार आणि भाड्याच्या नोंदी तुमच्याकडं असतील तर तो बारा वर्षं राहो नाहीतर वीस, भाडेकरूच राहतो.

अकरा महिन्यांचा आकडासुद्धा माणसाला घालवण्यासाठी नाही. एक वर्षाच्या वरचा भाडेपट्टा नोंदणी कायद्यानुसार रजिस्टर करावा लागतो, तो खर्च आणि हेलपाटा टाळण्यासाठी लोक अकरा महिन्यांचा कागद करतात. तो कितीही वेळा नवा करता येतो. पण घर बघायला आलेलं कुटुंब दारातच विचारतं, "किती वर्षं राहता येईल?" आणि तुम्ही म्हणता, "अकरा महिने, मग बघू." ज्यांना टिकून राहायचं आहे ते तिथूनच परत फिरतात. ज्यांना स्वतःलाच वर्षभरात जायचं आहे, त्यांना मात्र काही फरक पडत नाही. म्हणजे नको ते भाडेकरू तुमच्याच एका वाक्यानं निवडले जातात. त्याऐवजी सरळ सांगा: "कागद अकरा महिन्यांचा, पण तुमचं-आमचं पटलं तर पाच वर्षं राहा."

आता माणूस कसा ओळखायचा. बहुतेक मालक पगार विचारतात. मी आधी विचारते, "मुलं कितवीत आहेत?" मुलगी सहावीत असेल आणि शाळा अनगोळ किंवा टिळकवाडीत असेल, तर ते कुटुंब दहावीपर्यंत जागचं हलत नाही. चंदगड आणि खानापूर तालुक्यांतून मुलांच्या शिक्षणासाठी शहरात घर करणारी कितीतरी कुटुंबं आहेत. गावाकडं काजू, शेती, सासू-सासरे. आई मुलांना घेऊन बेळगावात, वडील ये-जा करतात. सैन्यातल्या जवानांची कुटुंबंही तशीच. नवरा सीमेवर, बायको-मुलं इथं, भाडं महिन्याच्या महिन्याला बँकेतून. हिंडलगा, गणेशपूर, विजयनगर भागात अशा कुटुंबांना घरं कमी पडतात, ती तुमच्याकडंही येतील. उद्यमबागेतले फोरमन आणि मशीन शॉपवाले, जीआयटी इंजिनिअरिंग कॉलेजातले शिक्षक, मच्छेकडं व्हीटीयू विद्यापीठात काम करणारे, यांना भाग्यनगर सोयीचंच आहे. केएलई हॉस्पिटलच्या नर्स आणि निवासी डॉक्टरांना मात्र नेहरूनगर, सदाशिवनगर जवळ पडतं. ते तुमच्याकडं आले तरी तिकडं घर मिळालं की जातात. चार बॅचलर मुलांना दिलं तर भाडं जास्त येईल, पण खाली आई एकट्या असताना मी तो सल्ला देणार नाही.

एक गोष्ट मनापासून सांगते. "मराठीच हवेत", "आमच्यातलेच हवेत" ही अट घालून लोक स्वतःचं नुकसान करून घेतात. बागलकोट, विजापूरकडून बदलीवर आलेले कन्नड शिक्षक, बँकवाले, महसूल खात्यातले कर्मचारी हे पगाराच्या तारखेला भाडं देणारे लोक आहेत. खालच्या आजी मराठीत आणि वरची सून कन्नडमध्ये बोलते आणि दोघींचं छान जमतं, अशी घरं मी सांभाळते. आडनावावरून आणि धर्मावरून माणूस परत पाठवणं मला मुळातच अन्यायाचं वाटतं, आणि भाडं वेळेवर येईल का याचं उत्तर त्यातून कधीच मिळत नाही. तुमच्या घरात मटण-मासे चालत नसतील तर तेवढं आधी स्पष्ट सांगा. नंतर वास येतो म्हणून कुरबुर करू नका. दारावरचा बोर्ड मराठी आणि कन्नड दोन्हीत लिहा, फोन नंबर रस्त्यावरून दिसेल एवढा मोठा.

घर बघायला नवरा एकटा आला तर मी बोलणी पुढं नेत नाही. बायकोला घेऊन या म्हणते. चंदगडकडचं एक कुटुंब आलं होतं, त्या बाईंनी हॉलकडं पाहिलंसुद्धा नाही. सरळ स्वयंपाकघरात गेल्या, नळ सोडला, धार बघितली, सिंकखाली वाकून पाइप चाचपला. मग विचारलं, "पाणी किती दिवसांनी येतं? टाकी केवढी? वरची टाकी वेगळी का खालच्यांची तीच?" मग बेडरूमच्या पश्चिमेच्या भिंतीला पालथा हात लावून उभ्या राहिल्या. त्यांनी जे तपासलं तेच तुमच्या घराची खरी परीक्षा आहे. पाणी आणि ओल. बेळगावात भाडेकरू घर सोडतो त्यामागं भाड्यापेक्षा ही दोन कारणं जास्त असतात.

शहराला पाणी राकसकोप आणि हिडकल धरणांवरून येतं. काही भागांत चोवीस तास पाणी आहे, बाकी ठिकाणी उन्हाळ्यात दिवस मोजावे लागतात. तुमच्या गल्लीत जे असेल ते खरं सांगा. पण वरच्यांना स्वतंत्र टाकी आणि संपमधून (जमिनीखालच्या टाकीतून) चढवायला स्वतंत्र मोटरीचं बटण द्या. एकाच टाकीवर दोन बिऱ्हाडं असली की "तुम्ही मशीन लावलंत म्हणून आमची टाकी संपली" हे ठरलेलं भांडण. तुमच्या आईंना त्यातून आधी सोडवा. अंगणात विहीर असेल तर उपसून घ्या आणि वापराच्या पाण्यासाठी तिचा पाइप वर न्या. असं घर एप्रिल-मेमध्ये कुणी सोडत नाही.

ओलीचं काम लोक चुकीच्या बाजूनं करतात. आपला पाऊस पश्चिमेकडून झोडपतो. भिंत बाहेरून पाणी पिते आणि आत कपाटामागं काळी-हिरवी बुरशी धरते. मालक आतून पुट्टी आणि रंग मारून घर दाखवतो. पुढच्या जुलैत तो रंग पापुद्र्यासारखा सुटतो, भाडेकरूच्या कपड्यांना वास लागतो, लहान मुलाला खोकला होतो आणि दिवाळीच्या आत घर रिकामं. पैसे बाहेरच्या बाजूला घाला. बाहेरच्या प्लास्टरच्या भेगा भरून वॉटरप्रूफ रंग द्या, खिडक्यांवरचे छज्जे तपासा, गच्चीवरचे पाणी जाण्याचे पाइप मोकळे करा, स्लॅबला भेगा असतील तर कोटिंग करून घ्या. हे सगळं मे महिन्यात, भिंत कोरडीठाक असताना. वरच्या बाथरूमच्या टाइल्सचे सांधेही तेव्हाच भरा. तिथलं पाणी झिरपून खाली आईंच्या स्वयंपाकघरात उतरलं की वरच्यांचं आणि खालच्यांचं पटणं अवघड होतं.

बाकी सोयी किरकोळ वाटतात, पण माणूस त्यावर टिकतो. गच्चीच्या एका बाजूला पत्रा टाका, पावसाळ्यात कपडे वाळतील. उन्हाळ्यात पापड-सांडगे घालायला गच्ची मोकळी ठेवा. सोलर असला तरी जुलै-ऑगस्टमध्ये पाणी तापत नाही, म्हणून गीझरचा पॉइंट हवा. दोन दुचाकी आत राहतील एवढी जागा ठेवा.

वरच्या मजल्याला हेस्कॉमचा, म्हणजे वीज कंपनीचा, स्वतंत्र मीटर आहे ना, हे मात्र आधी बघा. सबमीटर लावून एकाच मीटरवर दोन घरं चालवत असाल तर राज्य सरकारच्या मोफत विजेच्या गृहज्योती योजनेत दोघांचाही तोटा आहे. दोन्ही घरांचा वापर एकत्र धरला जातो, आणि महिन्याला 200 युनिटच्या वर गेलं की पूर्ण बिल भरावं लागतं. स्वतंत्र मीटर असेल तर भाडेकरू भाडेकरार दाखवून सेवासिंधू या सरकारी पोर्टलवर आपला आधार त्या आरआर नंबरला (वीजजोडणीच्या क्रमांकाला) जोडू शकतो. आधीच्या भाडेकरूचा आधार त्या नंबरवरून काढून टाकला आहे का ते तपासा. तो तसाच असेल तर नव्याचा जोडला जात नाही.

आता भाडं. 10,000 च्या मागणीवर घर दोन महिने रिकामं राहिलं की 20,000 गेले. एजंटनं एक महिन्याचं भाडं घेतलं तर आणखी 10,000. प्रत्येक नव्या माणसासाठी रंग-डागडुजी 15,000 धरा. एका भाडेकरूच्या जाण्या-येण्यात 45,000 रुपये जातात. त्याऐवजी भाडं 9,500 केलंत तर वर्षाला 6,000 कमी येतात. त्या 6,000 चे 45,000 व्हायला साडेसात वर्षं लागतील. म्हणून शेजारच्या घरापेक्षा पाचशे रुपये कमी सांगा, आणि त्या बदल्यात चार कुटुंबांतून एक निवडण्याची मोकळीक घ्या. दरवर्षीची वाढ आधीच लिहून ठेवा, 5 टक्के पुरे. 9,500 चे पुढच्या वर्षी 9,975 होतील. ऐनवेळी दीड हजार वाढवून मागणं म्हणजे जा म्हणून सांगणं.

चौकशी करताना सध्याच्या मालकाच्या शब्दावर विसंबू नका. त्याला भाडेकरू जायला हवा असेल तर तो कौतुकच करील. त्याच्या आधीच्या मालकाला फोन करा, त्याला खोटं बोलायचं काही कारण नसतं. एवढंच विचारा: भाडं कितव्या तारखेला यायचं, जाताना घर कसं ठेवलं, आणि तुम्ही त्यांना परत घर द्याल का? तिसऱ्या प्रश्नाला माणूस किती वेळ थांबतो तेही ऐका. आधारची प्रत, कामाच्या ठिकाणचं ओळखपत्र, गावाकडच्या एका नातेवाइकाचा नंबर घ्या, आणि माहिती तुमच्या हद्दीच्या पोलीस ठाण्यात द्या. सरळ माणूस याला हरकत घेत नाही.

करार करताना आपल्याकडं हमखास होणारा एक घोटाळा आहे. पुण्या-कोल्हापूरचे नातेवाईक "लिव्ह अँड लायसन्स"चा मसुदा पाठवतात आणि इथं तोच छापून सही होते. त्यात महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याचा उल्लेख असतो. तिथं असा करार रजिस्टर करणं मालकावर बंधनकारक आहे, पण तो कायदा बेळगावच्या घराला लागूच नाही. उद्या वाद झाला तर त्या कागदावरून इथल्या कोर्टात गोंधळच होईल. इथल्या वकिलाकडून कर्नाटकातला साधा भाडेकरार ई-स्टॅम्पवर करून घ्या, दोन साक्षीदारांसह. घर आईंच्या नावावर आहे, तेव्हा मालक म्हणून सही त्यांची हवी. तुम्ही करणार असाल तर त्यांचं मुखत्यारपत्र लागेल. भाडंही त्यांच्याच खात्यात जाऊ दे, रोख नको. भाडेकरूला समजणाऱ्या भाषेत करार वाचून दाखवा. कन्नड कुटुंब असेल तर कन्नडमध्येच करा आणि आईंना मराठीत समजावून सांगा.

नोटिशीचं कलम नीट घाला. करारात काही लिहिलंच नसेल तर महिन्याच्या भाडेकरूला कायद्यानं पंधरा दिवसांची नोटीस पुरते, आणि शाळेत मुलं असलेल्या कुटुंबाच्या पोटात तिथंच गोळा येतो. दोन्ही बाजूंनी दोन महिने लिहा. त्याखाली आणखी एक ओळ: भाडं नियमित असेल तर शालेय वर्षाच्या मध्यात घर रिकामं करायला सांगणार नाही. तुम्हाला एक पैचा खर्च नाही, आणि अशी ओळ दुसरा कुणी मालक लिहून देत नाही.

पगारदार माणूस हवा असेल तर पॅन देण्याची तयारी ठेवा. जुन्या करपद्धतीत घरभाड्याची सवलत घेणाऱ्याचं वर्षाचं भाडं 1,00,000 च्या वर असेल तर त्याला मालकाचा पॅन द्यावा लागतो. 9,500 नं वर्षाचे 1,14,000 होतात. पॅन द्यायला नको म्हणणारे मालक नेमके बँकेतले, कॉलेजातले, सरकारी नोकरीतले भाडेकरू गमावतात. आईंना दुसरं मोठं उत्पन्न नसेल तर कर लागण्याची शक्यताही कमी. भाड्यातून घरपट्टी वजा करून उरलेल्याच्या 30 टक्के सरसकट वजावट मिळते.

अॅडव्हान्स अवाच्या सवा मागू नका. केंद्राच्या 2021 च्या आदर्श भाडे कायद्यात राहत्या घरासाठी दोन महिन्यांची मर्यादा सुचवली आहे. तो मसुदा स्वीकारायचा की नाही हे राज्यानं ठरवायचं असतं. मला तुमच्या घरासाठी तीन महिने बरे वाटतात. दुसऱ्या भाडेकरूसारखी पाळी येऊ नये म्हणून अॅडव्हान्स भाड्यात वळता होणार नाही हे लिहा. आणि तुमच्या बाजूनं हे लिहा की चावी दिल्यापासून सात दिवसांत पैसे परत, कापायचं असेल ते बिल दाखवून. रंगासाठी एक महिन्याचं भाडं सरसकट कापण्याची पद्धत इथं रूढ आहे. तीन वर्षं राहिलेल्याकडून ते कापणं मला पटत नाही, रंग तेवढ्यात उतरतोच. ज्याला पैसे वेळेवर आणि पूर्ण परत मिळतात तो जाताना स्वतःच पुढचा भाडेकरू आणून देतो, बहुधा आपल्याच कारखान्यातला किंवा शाळेतला. तो एजंटापेक्षा कितीतरी चांगला.

तुमच्यासाठी आत्ताचं वेळापत्रक असं. गणपतीनंतर पितृपक्ष लागतो, त्यात कुणी घर बदलत नाही. म्हणून कुटुंब गणपतीच्या आधी ठरलं तर उत्तम, नाहीतर दसऱ्याला. पहिला करार एप्रिलअखेरपर्यंतचाच करा, आणि पुढं नवा करण्याची बोली त्यातच लिहा. नंतरचे करार 1 जूनपासून 30 एप्रिलपर्यंत, म्हणजे बरोबर अकरा महिने. कधी घर सुटलंच तर परीक्षा आटोपलेल्या असतील, भिंतींच्या कामाला मे महिना मोकळा मिळेल आणि जूनमध्ये, शाळा आणि बदल्यांच्या मोसमात, घर बाजारात येईल. यंदा बाहेरून रंग देण्याची वेळ गेली आहे. ओल कुठं येते ते येणाऱ्यांना दाखवा आणि मे महिन्यात काम करून देऊ असं करारात लिहा.

आणि त्या फौंड्रीतल्या सुपरवायझरचा नंबर असेल तर आधी त्यालाच फोन करा. तो नव्या घरात रमला नसेल तर 9,500 ला परत येईल. आईंना विचारून बघा, त्यांचंही हेच म्हणणं असेल.